अण्णांचं घोरणं आणि न उतरणारं बीपी

मंडळी, आज सकाळी अण्णांचं बीपी नॉर्मल आलं! सच्ची! मी तीनदा मोजलं, तरी विश्वास बसेना.

अण्णा म्हणजे माझे वडील, बहादरपुरात केळी लावतात. दोन वर्षं त्यांच्या बीपीच्या गोळ्या वाढतच होत्या. घोरणं असं की अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं, आणि आम्ही कौतुकानं सांगायचो, "काय गाढ झोप आहे!"

मग नव्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "घोरता घोरता मधेच थांबतात का?"

आई हसून म्हणाली, "हो ना! तेवढ्यातच तर माझा डोळा लागतो."

बाई हसल्या नाहीत. झोपेची तपासणी करायला लावली. त्यात कळलं, घोरणं थांबायचं त्या शांततेत अण्णांचा श्वासच अडकत होता, म्हणून बीपी गोळ्यांना दाद देत नव्हतं. तीन महिन्यांपासून ते श्वासाची वाट हवेनं उघडी ठेवणाऱ्या मशीनचा मास्क लावून झोपतात. गोळ्याही चालूच आहेत.

आज रीडिंग बघून अण्णा ओरडले, "अरे, हे तर आपल्या केळीच्या बागेसारखं झालं! दबली होती ड्रिपची नळी, अन् आपण मोटरलाच दोष देत होतो!"

आई मात्र अजूनही मशीनची सूं-सूं ऐकू आल्याशिवाय डोळे मिटत नाही.

तुमच्या घरी कोण घोरतं? आणि मधेच गप्प होतं का?