नाला भरलेला दिसला, तो फोटो कधीचा?

आज रामाकोन्याजवळच्या आमच्या गावात नाला पुन्हा जिवंत करण्याची बैठक झाली. तिथूनच आले आहे, आणि डोकं अजून तापलेलं आहे.

आराखडा देखणा होता. दोन्ही काठांना अर्जुन नि जांभूळ, डोहात मासे, झाडांवर पक्षी. मी विचारलं, "या सगळ्यांना पाणी किती लागेल, ते कुठे लिहिलंय?"

समितीचे अध्यक्ष हसले. गावातली सर्वांत मोठी संत्र्याची बाग त्यांचीच. "बाई, पाणी तं भरपूर हाये न! हा फोटो पाहा. आराखडा करनाऱ्या साहेबांनी सोता येऊन काढला."

फोटो हिवाळ्यातला होता. तेव्हा बागा ताणावर असतात. बहर यावा म्हणून आपण झाडांचं पाणी तोडतो आणि मोटारी बंद ठेवतो, म्हणून नाला भरलेला दिसतो. ताण सोडला की सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि डोहाचा तळ उघडा पडतो. माझीही मोटार त्याच नाल्यावर आहे, मला कोण शिकवणार?

"साहेबांना नेमकं त्याच दिवसांत कोणी बोलावलं, भाऊ?"

"तुम्ही हर गोष्टीत खोट काऊन काढून राहिल्या? चहा घ्या!"

चहा नको म्हटलं. "नाल्यासाठी पाण्याचा वाटा आराखड्यात लिहा, मी आजपासून माझी मोटार कमी चालवते. आणखी कोण चालवेल कमी?"

एकही हात वर झाला नाही. खरं सांगा, तुमच्या गावात कोणाचा झाला असता?