पऱ्हाटीतला वेडा राजा

आमच्या गावच्या नाटकातला राजा तिसऱ्या अंकात वेडा होतो. प्रधानाने आपल्या मुलाला मारलं हे त्याला कळतं आणि तो हसत, रडत, स्वतःशी बोलत दरबारभर फिरतो. आता हे वेड खरं, की प्रधानाला गाफील ठेवायचं सोंग? नाटक लिहिलं होतं आमच्या शाळेच्या सरांनी. त्यांना विचारलं तर म्हणाले, "राजा तू हायेस, तूच ठरव."

मी ठरवलं, खरं. सोंगाचंही सोंग करायचं म्हणजे दुप्पट मेहनत! तालीम मी आमच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या शेतातच करायचो. घरी केली की आई मीठ-मोहऱ्या घेऊन नजर काढायला धावायची.

त्याच दिवसांत माझी सोयरीक जुळत होती. मुलगी जळगाव जामोदकडची. एका लग्नात तिला नुसतं पाहिलं होतं आणि मी पार कामातून गेलो होतो. त्यात आजकाल शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळणं किती अवघड, ते इकडच्या कुठल्याही आईला विचारा. ही सोयरीक मोडली असती तर मला वेडाची तालीम करायची गरजच उरली नसती.

आमच्याकडे मुलगी द्यायच्या आधी तिच्याकडचं कोणीतरी न सांगता गावात येऊन चौकशी करून जातं. बाकीचे पारावर विचारतात. तिचे मामा हुशार, ते थेट आमच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच आले. तेव्हा मी टॉवेलचा मुकुट बांधून, पऱ्हाटीला सरदार समजून ओरडत होतो, "माझा लेक कुठं आहे? बोला!" मग हसलो. मग रडलो. फार सुंदर रडलो, आजही सांगतो. मामांनी सगळं मोबाइलवर घेतलं आणि आल्या पावली परत गेले.

संध्याकाळी फोन आला, "पोरगं येडं हाये बा तुमचं."

घरात सुतक पडल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी सरांना घेऊन मी तिच्या घरी गेलो. सरांनी सगळं नाटक समजावून सांगितलं.

"नाटक तं स्टेजवर असते," मामा म्हणाले. "वावरात हा कोनासाठी करून राह्यला होता?"

"पन राजाचं येड खरंच हाये!" मी तावातावाने बोलून गेलो. सरांनी माझा पाय जोरात दाबला, पण उशीर झाला होता.

तेवढ्यात चहा घेऊन आलेली ती म्हणाली, "मामा, व्हिडिओ लावा बरं पुन्हा. तोंडाकडे नका पाहू, हात पाहा."

आम्ही पाहिलं. राजा हंबरडा फोडत होता आणि पावलापावलाला वाकून गवत उपटत होता. माती झटकून ते धुऱ्यावर फेकत होता. पऱ्हाटीचं एकही झाड मोडलेलं नव्हतं.

"येडा असता तं पऱ्हाटी उपटली असती," ती म्हणाली. "हे तं रडता रडता निंदन करून राह्यले."

मामा इतके हसले की त्यांचा चहा बशीबाहेर गेला. सोयरीक पक्की झाली. मला आकाश ठेंगणं झालं होतं, आणि त्यातच माझा राजा खोटा ठरल्याचं वाईटही वाटत होतं.

अजूनही घरात माझं डोकं फिरलं, मी आरडाओरडा केला, की बायको आधी माझ्या हातांकडे पाहते. हात बहुतेक वेळा तिच्याच पुढ्यातल्या तुरीच्या शेंगा सोलत असतात. मग ती म्हणते, "चालू द्या, महाराज," आणि चहा ठेवायला उठते.