येळवशीला पिक्चरचा फैसला

आमच्या घरात येळवशीला जेवणं झाली की पिक्चरचा फैसला असतो. दुसऱ्या कुणाच्या घरी असं असतं का, ते मला माहीत नाही. कधी विचारलंही नाही.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी परभणीच्या घराला कुलूप लावून आमी झरीला शेतावर जातो. धाकटे दीर तिथंच राहतात, शेती तेच बघतात. ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करतात, पूजा होते, मग शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि माठातली आंबील. आंबील पोटात गेली की माणूस ताठ बसू शकत नाही. सगळे कोपीच्या सावलीला आडवे व्हायचे, आणि मग ह्यांचा आवाज यायचा, "हं, सांगा. यंदा कोणता?"

म्हणजे सरत्या सालात बघितलेल्यातला सगळ्यात चांगला पिक्चर कोणता. ज्यानं त्यानं एकच सांगायचा, का आवडला ते सांगायचं, आणि फैसला ह्यांनी द्यायचा. हे म्हणजे माझे मालक. घरात सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. ज्याचा पिक्चर फैसल्यात लागला तो येत्या रविवारी आमच्या परभणीच्या घरी सगळ्यांनी मिळून बघायचा, एवढंच काय ते बक्षीस. भाड्यानं व्हीसीआर आणायचो तेव्हापासूनची ही रीत. मग डिश आली, मग सगळं मोबाईलवर आलं, पण फैसला कोपीतच व्हायचा.

दिराला मारामारीचे पिक्चर लागतात. नायकानं निदान एक तरी बाजार उलटापालटा केला पाहिजे. नणंद देवगाव फाट्याला दिलेली, तिथं त्यांचं कापडाचं दुकान आहे. तिचा हिशोब वेगळा. पिक्चरला किती रडली त्यावर तो चांगला की वाईट ते ठरतं. सून शाळेत शिकवते, तिला डोक्याचे पिक्चर आवडतात. त्यात माणसं खिडकीतून लय वेळ बाहेर बघत बसतात आणि खाली अक्षरं पळतात. दीर तिला म्हणायचे, "सूनबाई, तुमचा पिक्चर बघायचा का वाचायचा?"

आणि फैसला देणारा माणूस तर पिक्चर बघतच नव्हता. टॉकीजमधले दिवे गेले की ह्यांचे डोळे मिटायचे. मध्यंतराला उठायचे, समोसा खायचे, पुन्हा मिटायचे. घरी टीव्हीसमोरही तेच. पण बाहेर पडून रिक्षात बसलो की म्हणायचे, "हं, सांग." मग मी सांगायची. रिक्षा घरी पोचायची, कुलूप निघायचं, कुकर लागायचा, तरी माझं सांगणं चालूच. मध्येच विचारायचे, "मग ती बाई काय म्हणली?" "तवा पाऊस होता का ऊन?" ऊन होतं का पाऊस ते मला आठवायचं नाही, पण त्यांनी विचारलं की दिसायचं.

दीर त्यांना डिवचायचे. "आप्पा, तुमी तर घोरत होता. फैसला कशाचा द्यायलात?"

"झोपलो होतो म्हणूनच न्यायाचा हाय," हे म्हणायचे. "मी कुण्या नटाचं तोंड बघितलं न्हाई, का नटीचं न्हाई."

पोळ्याच्या आधी ते गेले. आमच्या लिंगायतांत जाळत नाहीत. झरीच्या शेतातच, बांधावरच्या लिंबाखाली, त्यांना मातीत बसवलं. जंगम आले, त्यांनी सगळं रीतीनं केलं. मी रडले नाही. बाया एकमेकींना म्हणत होत्या, "रडू द्या तिला, रडू द्या." मला कुणी अडवलं नव्हतं. येतच नव्हतं.

पुढचे महिने मी पिक्चर बघितले. लेक पुण्याला नोकरीला, सून दिवसभर शाळेत. तिनंच मोठ्या टीव्हीवर सगळं जोडून दिलं, कोणतं बटण दाबायचं ते शिकवलं. सकाळचं आवरलं की मी एक लावायची. तो संपायला आला की दुसरा आपोआप लागायचा, तोही बघायची. दक्षिणेकडचे हिंदीत बोलायला लावलेले, मराठी, हिंदी, जे येईल ते. ताप उतरल्यावर तोंडाला चव नसते आणि तरी ताट पुढं आलं की आपण जेवतो, तसं. पिक्चर संपला की तोंड उघडायचं, आणि समोर ह्यांचा रिकामा दिवाण. दिवाणाला काय सांगायचं?

सून आल्यावर विचारायची, "आई, आज कोणता बघितला?"

"बघितला एक."

"कसा होता?"

"बरा होता."

काय होतं त्यात, असं तिनं पुढं विचारलं की मला सांगता यायचं नाही. आठवायचंच नाही. सून माझ्या तोंडाकडं बघत राहायची. मग एकदा म्हणाली, "आई, आपण डॉक्टरांकडं जाऊ या का? नुसतं बोलायला." मी म्हणाले, मला काय झालंय? खाते, पिते, झोपते. तिनं तेव्हा विषय सोडला, पण पुन्हा काढला. मग पुन्हा.

मार्गशीर्ष लागला तसा नणंदेचा फोन आला. "वैनी, यंदा पिक्चरचं काढायचं न्हाई हं. माझ्यानं ऐकवायचं न्हाई."

"बरं," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दिराचा. "वैनी, पिक्चरचं झालंच पाहिजे. आप्पाची रीत हाय. यंदा तुमी तुमचा सांगायचा, आन् फैसला बी तुमीच द्यायचा."

"बरं," मी म्हणाले.

फोन ठेवला आणि मग भीती वाटली. सांगणार कोणता? इतके पिक्चर बघितले, एक तरी आवडलेला पाहिजे की नाही? आणि नसलाच, तर ते सगळ्यांच्या समोर उघडं पडणार. मग सून एकटी नाही, दीर-नणंदही तसंच तोंडाकडं बघायला लागणार. येळवशीपर्यंत मी रोज डोकं खाजवलं. काल बघितलेला आठवायची तर त्याच्यात परवाचा घुसायचा.

येळवशीला शेतावर गेलो. नणंद आधी लिंबाखाली गेली, समाधीवर नैवेद्य ठेवला आणि तिथंच बसून रडली. मी विभूती लावली, हात जोडले, आणि ऊन कुणीकडून येतंय ते बघून कोपीतली सतरंजी सरकवून घेतली. पूजा झाली, जेवणं झाली. भज्जी चांगली झाली असावी, सगळ्यांनी दुसऱ्यांदा घेतली.

मग सगळे कोपीत आडवे झाले. कुणी कुणाकडं बघेना. दिरानं घसा साफ केला आणि म्हणाले, "हं, सांगा. यंदा कोणता?"

"दादा!" नणंद उठूनच बसली. "जरा तरी काही वाटतंय का तुला?"

"काय वाटायचं त्यात?"

"आप्पा जाऊन वरीस झालं न्हाई अजून."

"आप्पा तिथंच बसलेत की ऐकायला," दिरानं लिंबाकडं हात केला. "न्हाई काढलं तर उठून येतील. मग तूच पळशील सगळ्यात आधी."

नणंद रडत होती, त्यातच हसली, आणि हसू आलं म्हणून दिराच्या पाठीत एक धपाटा घातला.

दिरानं त्यांचा सांगितला. एक माणूस अख्खी गल्ली झोडपतो, कारण काय ते त्यांनाच नीट सांगता येईना. नणंदेनं मायलेकींचा सांगितला.

"किती रडलीस?" दीर.

"पदर पिळावा लागला."

"तू जाहिरात बघून बी रडतीस. तुझं धरायचं न्हाई."

सुनेनं भुताचा सांगितला. घरात भूत असतं आणि तेच घरातल्या माणसांना भितं, माळ्यावर लपून बसतं. दीर चाट पडले. "सूनबाई, ह्यात वाचायचं काही न्हाई?"

"नाही काका," ती म्हणाली. "यंदा मला डोकं चालवायचंच नव्हतं."

मग सगळे माझ्याकडं वळले.

मी सांगायला लागले. कसं सुरू झालं ते मला आता सांगता येणार नाही, पण झालं. एक एसटीचा ड्रायव्हर असतो, म्हणाले. त्याची शेवटची फेरी. आडगावाला बस बंद पडते. माणसं उतरून पांगतात, एक म्हातारी तेवढी उतरत नाही. गाठोडं मांडीवर घेऊन बसून राहते. तिला तहान लागते, म्हणून हा कॅन घेऊन पाणी बघायला निघतो. कडक ऊन. शेतात विहिरीचं काम चाललेलं. खाली एक माणूस उतरलाय, वर दोर धरणारा कुणीच नाही. तो खालून ओरडतो, दोर धर. हा धरतो. तिकडं बस दुरुस्त होते, कंडक्टर हॉर्न वाजवायला लागतो. आता दोर सोडावा तर खालचा जातो, धरून बसावं तर नोकरी जाते.

"मग?" दीर उठून बसले होते.

"मग तो सोडत नाही. तळहात सोलतात. हॉर्न वाजतच राहतो. तो तसाच धरून बसतो."

"वैनी," नणंद हळूच म्हणाली, "ड्रायव्हर कुठला विहिरीवर? विहिरीवर ते दोघं भाऊ होते की. अबोला धरलेले. मी बघितलाय तो. ड्रायव्हरचा पिक्चर येगळाच हाय."

"आन् ती म्हातारी?" दिरानं विचारलं.

सून म्हणाली, "आई, गाठोड्याची म्हातारी तर मालिकेतली. सातची मालिका."

तरी ती मोबाईल घेऊन उठली. शेतात रेंज लिंबाखालीच येते, तिथं उभी राहून बघत बसली. परत आली आणि मान हलवली. असा पिक्चर कुठं नव्हता.

मी ओशाळले का? तेही झालं नाही. एवढं कळलं, की मला एकही पिक्चर धड आठवत नाही हे आता सगळ्यांना कळलं. सुनेनं माझ्या हातावर हात ठेवला. तिचा हात गार होता.

दिराला मात्र दुसरंच पडलं होतं. "ते राहू द्या वो. त्या दोराचं काय झालं?"

"मला माहीत नाही, भाऊजी."

"तू बघितलाय न्हवं?" ते नणंदेकडं वळले. "वर मोठा भाऊ असतो का? तो धरतो का सोडतो?"

नणंदेनं लिंबाकडं बघितलं. "त्यात तर मोठा भाऊच..." म्हणाली आणि थांबली.

"नको सांगू," दीर म्हणाले. कडब्याची काडी दातात धरली. मग म्हणाले, "वैनीच्यात सोडत न्हाई ना? झालं मग."

वारं नव्हतं. ज्वारीत पाखरं होती, दिरानं उठून त्यांना हाकललं आणि परत येऊन बसले.

"हं, फैसला द्या आता, वैनी."

माझा लागणं शक्य नव्हतं, नसलेला पिक्चर रविवारी लावणार कुठून? मारामारीचा मी बघितला होता, मायलेकींचाही बघितला असणार. "भुताचा," मी म्हणाले.

"का पण?"

"मी बघितला नाही म्हणून."

"हा काय फैसला झाला? आप्पा असते तर..."

"आप्पा झोपले असते," मी म्हणाले. सगळे हसले. नणंद परत रडायला लागली. मी आंबिलीचं भांडं उचलून विसळायला गेले.

रविवारी सगळे परभणीला आले. दिरानं जिन्याखाली चप्पल काढतानाच विचारलं, भूत किती वाजता हाय म्हणून. सुनेनं मुरमुऱ्याचा चिवडा केला होता. पिक्चर लावला. सगळे हसत होते, दीर तर मांडी थोपटत होते. मी हसले नाही, पण बघितला. मोबाईल वाजला तेव्हाही उठले नाही. भूत माळ्यावर जुन्या गाद्यांच्या मागं बसलेलं, आणि खाली घरातली माणसं जोरजोरात भांडायलेत. भूत कानावर हात ठेवून बसतं. घर सोडून जायची त्याला मुभा आहे, दारही उघडं आहे, पण जात नाही. मी त्या भुताकडं बघत होते.

संपल्यावर नणंद माझ्याजवळ सरकली. "वैनी, आवडला का?"

"ठीक होता."

"खरं सांगा."

"खरंच सांगायले. ठीक होता. बायका लय ओरडतात त्यातल्या. भूत बरं होतं."

"भूत बरं होतं?"

"हं. भूत बरं होतं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी चिवड्याच्या वाट्या गोळा केल्या. दीर-नणंद शेवटच्या उजेडात निघाले, कारण नणंदेला पुढं बस पकडायची होती.

दुसऱ्या दिवशी सून शाळेला निघता निघता दारात थांबली. पर्स खांद्याला लावली, काढली, पुन्हा लावली. मी ओळखलं. म्हणाले, "डॉक्टरचं विचारायचंय ना?"

ती उंबऱ्यावरून परत आत आली.

"जाऊ की," मी म्हणाले. "पण त्यांना सांगायचं काय? दुखत कुठंच नाही."

"जे कोपीत झालं तेच सांगायचं, आई."

"पिक्चरचं?"

"पिक्चरचंच."

बुधवारी तिची शाळा लवकर सुटते. बुधवारी जायचं ठरलं.