मासे बघायला गेलेला जावई

माझ्या लग्नाची सुपारी फुटायच्या ऐन वेळी, गेवराईत आमच्या घरी, भरल्या बैठकीत परदेशातून असं कळवण्यात आलं की मी तिथं मास्तर नसून मासे बघायला आलेला पर्यटक आहे. कळवणाऱ्या बाईंचं इंग्रजी अगदी स्वच्छ होतं. कारण ते वाक्य त्यांना मीच शिकवलं होतं.

झालं असं, की बी.ए.ला इंग्रजी घेऊन मी पास झालो आणि गावात त्याचा उपयोग एवढाच झाला की गल्लीतले लोक औषधाच्या बाटल्या वाचायला माझ्याकडे आणू लागले. मग एका मित्राच्या नादानं व्हिएतनामला गेलो. तिथं एका लहानशा शहरात मिस लिएन नावाच्या बाई घराच्या तळमजल्यावर पोरांचे इंग्रजीचे क्लास घ्यायच्या. अंगणात हौद, हौदात लाल-केशरी मासे. बाईंनी मला शिकवायला ठेवून घेतलं. अडचण एवढीच, की माझा व्हिसा फिरायला आलेल्या माणसाचा होता. त्यावर देश बघायचा, फोटो काढायचे आणि मुदत संपली की निघायचं. पोरांना शिकवायचं नाही. मी मुदत संपली की शेजारच्या देशात जायचो, चहा प्यायचो आणि नवा शिक्का मारून परत यायचो. रीतसर परवान्याचं 'नंतर बघू' असं बाई म्हणायच्या. मला तर 'नंतर बघू'ची घरूनच सवय होती.

फक्त तपासणीची धास्ती होती. म्हणून मी बाईंना एक धडा दिला. अनोळखी फोन आला आणि माझ्याबद्दल विचारलं, तर म्हणायचं: ते शिक्षक नाहीत, ते पर्यटक आहेत, ते आमचे मासे बघायला येतात. हे वाक्य मी त्यांच्याकडून रोज घोकून घेतलं. माझ्या हाताखाली एवढं पक्कं इंग्रजी दुसरं कुणीच शिकलं नाही.

इकडे अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आपल्या ठिबकच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पाइपाबरोबर 'पोरगं परदेशात प्रोफेसर हाय' हेही देऊन टाकलं होतं. व्हिसाचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं. सुट्टीला घरी आलो तर तलवाड्याचं स्थळ तयारच. मुलगी अर्चना, डी.फार्म झालेली, मेडिकलवर बसणारी. ती मला पाहता क्षणी आवडली (तिला मी कसा वाटलो हे मी अजून विचारलेलं नाही). पसंती झाली, बैठक ठरली, सुपारी फोडायला तिचे शिरूर कासारचे सर्जेराव मामा आले, आणि घर बघायला म्हणून तिलाही बरोबर घेऊन आले. मामा पोलिसातून जमादार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी अडकित्ता असा धरला होता की सुपारीच्या जागी मला माझंच बोट दिसत होतं.

सुपारी अडकित्त्यात बसली. सगळे सरसावले. आणि मामा थांबले.

"शाळेत एक फोन लावू," मामा म्हणाले. "चौकशी केल्याबिगर आमी कागदावर सही करत न्हाई, ही तर पोरगी हाय."

"लावा की," अप्पा खूश होऊन म्हणाले. "स्पीकरवर लावा. समद्यांना ऐकू द्या."

"तिकडं आता रात्र असेल," मी म्हणालो.

"दीड तासाचाच फरक आहे," अर्चना दारातून म्हणाली. "मी बघितलंय." (मुलगी हुशार आहे याचा आनंद त्या क्षणी मला झाला नाही.)

"मग मीच लावतो, मला ओळखतात त्या."

"तुमी कावून?" मामा म्हणाले. "आरोपीला साक्षीदाराशी बोलू देत न्हाईत. नंबर सांगा. फोन माझा, बोलंल अर्चना."

अनोळखी नंबर, परकी बाई, माझ्या नावानं रीतसर विचारणा. मी बाईंना ज्या प्रसंगाची तयारी करून दिली होती, तो जसाच्या तसा उभा राहिला. पलीकडून "हॅलो" आलं. अर्चनानं छान इंग्रजीत विचारलं, हे सर तुमच्याकडे शिकवतात का? पलीकडे श्वास घेतल्याचा आवाज आला, आणि मग मिस लिएन धडा म्हणू लागल्या.

अर्चनानं सपाट आवाजात भाषांतर केलं. "त्या म्हणतात, हे शिक्षक नाहीत. पर्यटक आहेत. मासे बघायला येतात."

अप्पांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. ते मला बघवेना.

"मासे?" मामांनी अडकित्ता खाली ठेवला. "घराणं माळकरी हाय म्हणाला व्हता ना तुमी?"

"बघतो फक्त," आई माजघरातून घाईघाईनं म्हणाली. "खात न्हाई."

"पुन्हा इचार, पोरी," अप्पा म्हणाले. "नाव चुकलं आसंल."

अर्चनानं पुन्हा विचारलं. बाईंना आता चांगलाच जोर चढला होता. हे फार सज्जन पर्यटक आहेत, त्यांना मासे फार आवडतात, असं त्यांनी स्वतःचं दोन वाक्यांचं जोडकामही केलं. एरवी मी त्यांना शाबासकी दिली असती.

मला राहवलं नाही. मी फोनवर झेपावलो आणि ओरडलो, "मिस लिएन, मी बोलतोय! खरं सांगा यांना! मी शिकवतो म्हणून सांगा!"

मग बाईंचा आवाज रडवेला झाला. त्यांनी विचारलं, तुम्हाला पकडलंय का? मारतायत का? मी "नाही, नाही" म्हणेपर्यंत त्यांनी मन घट्ट केलं आणि मोठ्यानं जाहीर केलं, "या माणसाला मी ओळखत नाही!" फोन बंद.

अर्चनाला भाषांतर करावं लागलं नाही. तेवढं इंग्रजी आमच्या भावकीलाही कळत होतं.

आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी खाली मान घालून सांगितलं, की व्हिसा फिरायचा आहे, शिकवायची परवानगी नाही, आणि म्हणून बाईंना नाही म्हणायला मीच शिकवलंय. सांगताना लाज वाटत होती, ती मामांची कमी आणि अप्पांची जास्त.

मामांनी खिशाला हात लावला. बहुधा जुन्या सवयीनं पेन शोधत असावेत. "म्हंजे एक तर तुमी खोटं बोलता, न्हाईतर तुमी गुन्हा करता. दोन्हीतलं काय धरू?"

मी काही बोलणार, तोवर अप्पा उठून उभे राहिले.

"गुन्हा धरा," अप्पा म्हणाले. "पण पोरगं मास्तर हाय माझं."

माझ्या बापानं माझी बाजू इतक्या लोकांसमोर कधी घेतली नव्हती, आणि घेतली तीही अशी. मला भरून आलं. रडावं की आत जाऊन लपावं, ते कळेना.

"पुरावा?" मामा म्हणाले.

पुरावा कुठून आणणार? मामांकडची मंडळी चपला शोधू लागली. आमची मंडळी त्यांना अडवू लागली. कुणी म्हणे मुलगा चांगलाय, कुणी म्हणे आधीच विचारायला पाहिजे होतं, आई म्हणे चहा तरी घ्या. कुणाचं कुणाला ऐकू येईना. आणि त्या गलक्यात माझा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. मी जिवंत आहे की नाही ते बघायला मिस लिएननी लावला होता.

मी तो उचलून सगळ्यांकडे वळवला. बाई डोळे पुसत होत्या. त्यांच्या मागं संध्याकाळच्या बॅचची पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढून बघत होती. त्यांना फोनमध्ये दिसलं ते असं: एक खोली, खोलीत पंचवीसेक माणसं, सगळी एकाच वेळी ओरडतायत, आणि सर मधोमध गोंधळून उभे.

अशा वेळी काय करायचं, हे त्या पोरांना चांगलं ठाऊक होतं. सगळ्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि एका सुरात खणखणीत मराठीत हुकूम सोडला:

"गप बसा बे!"

आमची अख्खी बैठक गप बसली. उभे होते तेही बसले. चपला हातात घेतलेले सर्जेराव मामा चपलांसकट बसले.

मामांनी चपला खाली ठेवल्या. "मास्तर हाय," ते म्हणाले. "लई पक्का हाय. पण इंग्रजीचा हाय का, एवढंच ध्यानात येईना."

मग त्यांनी अर्चनाकडे बघितलं. "तुझं काय म्हणणं, पोरी?"

ती ओठ दाबून हसू अडवत होती. "मला पसंत आहेत," ती म्हणाली. "पण आधी कागद नीट करायचे. तोवर तिकडं जायचं नाही."

कट्‌ करून सुपारी फुटली. अप्पांनी डोळे पुसले आणि सुपारीचा कण डोळ्यात गेला म्हणून सांगितलं.

कागद नीट करायला गेलो तेव्हा कळलं, की परवान्यासाठी शिकवण्याचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यासाठी आधी माझं इंग्रजी तपासणार आहेत. मग मी गेवराईतच क्लास काढला. मिस लिएनना लग्नाचं निमंत्रण पाठवलं, तर उत्तरात त्यांनी सावधपणे लिहिलं, 'मी या माणसाला ओळखत नाही, पण शुभेच्छा.' मामांनी आहेर म्हणून काचेची मोठी पेटी दिली, मासे असलेली.

परवा मामांचा फोन आला होता. मी हॉलमध्ये बसलो होतो. अर्चना स्वयंपाकघरात एका हातानं पोळ्या लाटत दुसऱ्या हातानं फोन धरून होती. मामांनी विचारलं असावं, जावईबापू घरात काही हातभार लावतात का?

"नाही मामा," ती म्हणाली. "ते मासे बघायला आलेत."

मी पेटीसमोरून उठून खुलासा करणार होतो. पण लाल मासा नेमका त्याच वेळी वर आला, आणि तो बघत बसलो.