तोंड दक्षिणेकडं

माझ्या आत्याच्या मालकांसारखा सूर्याला कामावर ठेवणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात दुसरा झाला नसेल. बाकीच्यांसाठी सूर्य उगवायचा आणि मावळायचा, यांच्यासाठी तो ड्यूटीवर यायचा. उद्यमनगरातल्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर लेथ चालवला होता, त्यामुळं जगातली कुठलीही हालचाल ते पाळीच्या हिशेबात बसवायचे. गच्चीच्या कठड्यावर पहिलं ऊन आलं की म्हणायचे, "आला बघ. कार्ड पंच केलं." आषाढात आठ-आठ दिवस आभाळ उघडलं नाही की, "साहेब रजेवर हाईत." चंदगडला त्यांची बहीण दिलेली होती. तिकडच्या पावसाला कंटाळून ते दोन दिवसांत परत यायचे आणि सांगायचे, "तिकडं सूर्य टेंपरवारी हाय, हितं परमनंट हाय. पर हितल्या माणसांस्नी त्याची कदर न्हाय." आमच्याकडं आत्याच्या मालकांनाही मामाच म्हणतात, म्हणून मीही त्यांना मामा म्हणत आलो.

नव्वदीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी हातकणंगल्याजवळच्या आमच्या खेड्यातून कॉलेजसाठी त्यांच्याकडं राहायला आलो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वसतिगृहात जागा मिळाली नाही तेव्हा आत्यानंच मला बोलावून घेतलं. घर दोघा भावांचं होतं. खाली मामांचे थोरले भाऊ, काकू आणि त्यांची मुलं, वरच्या मजल्यावर मामा आणि आत्या. वर एकच खोली आणि स्वयंपाकघर होतं, म्हणून माझी वळकटी खाली थोरल्यांच्या पुढच्या खोलीत पडली. ही गोष्ट मी आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं तिचा संबंध येणार आहे.

मामांनी मला नावानं कधीच हाक मारली नाही. मी बी.एस्सी.ला आहे हे कळल्या दिवसापासून मी 'सायन्स' झालो. "ए सायन्स, वर ये. ऊन वाया चाललंय." मग गच्चीवर दोन सारखे डबे, एक काळ्या रंगाचा, एक चुन्यानं पांढरा केलेला. दोन्हींत तांब्या-तांब्या पाणी. तासाभरानं मला बोट घालायला लावायचे. "काळ्यातलं का तापलं? काळा ऊन पितो. पांढरा मागारी धाडतो. बरं, तापलं तर तापलं, ते ऱ्हायाला नगो? म्हणून वरनं काच. ऊन आत येतं, पर ऊब भाईर जात न्हाय. आणि भवतीनं भाताचं तूस भरायचं, घोंगडं पांघरल्यागत. झालं सायन्स. तुमच्या पुस्तकात ह्यापरास काय येगळं लिवलंय?" पुस्तकात हेच होतं, पण इतकं सोपं नव्हतं. मी लाजून नुसती मान हलवायचो.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक होकायंत्र असायचं. कुणाच्याही घरी गेलं की लोक देवाला नमस्कार करतात, मामा आधी गच्ची बघायचे. एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला आम्ही इचलकरंजीला गेलो होतो. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली आणि पाहुण्यांतले मामाच गायब. मुलीचे वडील कावरेबावरे झाले. त्यांना वाटलं, पाहुणे रागावून निघून गेले. पंधरा मिनिटांनी मामा जिन्यावरून उतरले, हाताची धूळ झाडली आणि भर बैठकीत म्हणाले, "पावणं, काय काळजी करू नगासा. पोरगी चांगली हाय, आणि गच्चीबी दक्षिणेला मोकळी हाय. आमच्याकडनं हुकार." लग्न झालं. पुढं बरीच वर्षं ती सून चिडली की म्हणायची, मला नाही, आमच्या गच्चीला पसंत केलं होतं.

सूर्यचुलीचा किस्सा तर गल्लीत अजून सांगतात. लाकडी पेटी, आत काळे चार डबे, झाकणाला आरसा. डाळ-भात त्यात उत्तम व्हायचा. अकराला ठेवला की दीडला तयार. पण मामांना कोल्हापूर जिंकायचं होतं, आणि डाळ-भातानं कोल्हापूर जिंकता येत नाही. एका रविवारी त्यांनी पाहुणे बोलावले आणि मटण पेटीत ठेवलं. दर वीस मिनिटांनी ते आरसा सूर्याच्या तोंडावर फिरवत होते. एक वाजता ढग आला. पाहुणे जिन्यात, मामा गच्चीवर, आणि ढग पंचगंगेच्या बाजूनं सावकाश, अगदी वरातीसारखा चाललेला. मामा त्याला गच्चीवरून ओरडले, "अरं जा की पुढं! हितं काय जेवायला बोलावलंय तुला?" तीन वाजता आत्या वर आली, तिनं डबे उचलले आणि खाली कुकरला लावले. जाता जाता एवढंच म्हणाली, "तुमचा सूर्य शिट्टी देत न्हाई. माझा कुकर देतो." पाहुणे हसले, मामाही हसले. मी सगळ्यात मोठ्यानं हसलो. वाटायचं, म्हाताऱ्याचा छंद आहे झालं.

तो छंद नव्हता हे मला माझ्या पहिल्याच वर्षीच्या थंडीत कळलं. दोन्ही घरांच्या अंघोळीचं पाणी तापवायचं काम आत्याकडं होतं. धाकटी जाऊ म्हणून लग्न होऊन आल्यापासून ते तिच्याकडंच होतं. मागच्या पडवीत तांब्याचा बंब. वखारीतला भुसा आणि ओल्या ढलप्या घालून ती रोज पहाटे तो पेटवायची, आणि फुंकणीनं फुंकत बसायची. त्या थंडीत तिला जिना चढताना तीनदा बसावं लागायचं. डॉक्टरांनी सांगितलं, धूर बंद करा, नाहीतर औषधाचा उपयोग नाही. गॅसचा सिलिंडर तेव्हा महिना-महिना मिळायचा नाही, तो स्वयंपाकालाच पुरेना. आठ माणसांचं पाणी त्यावर कोण तापवणार? मामा दवाखान्यातून आले ते थेट गच्चीवर गेले. मी मागोमाग गेलो. होकायंत्र हातावर धरून ते म्हणाले, "सायन्स, भाताचं राहू दे. आता पाणी."

दोन महिने ते भंगारबाजारात हिंडले. तांब्याच्या नळ्या आणल्या, पत्र्याला डाग देऊन जोडल्या, काळा रंग मारला, आणि ते सगळं वरून काच लावलेल्या पेटीत बसवलं. पिंपात पिंप ठेवून मधे तूस ठासलं. पिंप पेटीच्या वर हवं, हे त्यांनी मला तीनदा बजावलं. गरम पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं, गार जड होऊन खाली उतरतं. पंप नको, वीज नको. पेटीचं तोंड मात्र दक्षिणेकडं. "आपल्याकडं थंडीतला सूर्य दक्षिणेनं चालतो. पाणी थंडीतच लागतं. मग तोंड कुणाकडं करायचं, तूच सांग." शिवाय पूर्वेला शेजारची तीन मजली इमारत होती. तिची सावली आमच्या गच्चीवरून साडेदहापर्यंत हलायची नाही.

खालून थोरले म्हणाले, "दक्षिणेला तोंड? ती यमाची दिशा हाय. पूर्वेला कर की, सूर्य पूर्वेला उगवतो." मामा म्हणाले, "दादा, सूर्य उगवतो पूर्वेला. काम करतो दक्षिणेला." थोरल्यांना ते पटलं नाही, पण त्यांनी अडवलंही नाही.

पहिल्या सकाळी आत्या न्हाणीत गेली. बंब गार होता. नळाखाली बादली लावून तिनं हात घातला आणि बराच वेळ तो काढलाच नाही. मग आतून हाक आली, "अवं, लई तापलंय. जरा गार वता की." मामा जिन्यात उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. जन्मभर पाणी तापवणाऱ्या बाईच्या तोंडून ते वाक्य पहिल्यांदा निघालं होतं. ते स्वतः गार पाण्याची कळशी घेऊन धावले. दोन थंड्या बंब पेटला नाही. आत्या एका दमात जिना चढायला लागली.

तिसऱ्या थंडीत थोरले गेले. सकाळी चहा घेतला, छातीला हात लावला आणि संपले. माझी वळकटी होती त्याच पुढच्या खोलीत त्यांच्यासाठी दिवा लावला. मयताच्या दिव्याची वात दक्षिणेकडं करतात. दहा दिवस काकू त्या दिव्यासमोर बसून होत्या. दहाव्याचं उरकून भावकी घरी आली, आणि त्या दिव्याकडं बघत काकू शांतपणे म्हणाल्या, "हितं दिव्याचं तोंड दक्षिणेला हाय. आणि वरती दोन वर्षं झाली तुमी तेच तोंड करून ठेवलंय."

कुणी रडत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. भावकीतले एक म्हातारे म्हणाले, "पूर्वेला फिरवा की. काय बिघडतंय?" मामांनी तोंड उघडलं, पण काकूंच्या कपाळाकडं बघून परत मिटलं. मग म्हाताऱ्यांची नजर माझ्यावर आली. "हा पोरगा शास्त्र शिकतोय न्हवं? बाळ, तू सांग. पूर्वेला चालंल का न्हाई?"

मोठ्या माणसांच्या बैठकीत मला काही विचारलं जाण्याची ती पहिलीच वेळ होती. सगळी खोली माझ्याकडं बघत होती. दाराआड आत्या उभी होती, तीही बघत होती. मला उत्तर येत होतं. सावली साडेदहापर्यंत, दुपारनंतर ऊन पाठीमागं, मधे उरतं काय? दोन वाक्यांत सांगता आलं असतं. पण मी ज्या खोलीत बसलो होतो ती काकूंची होती, माझी पुस्तकं त्यांच्या कोनाड्यात होती, शेवटचं वर्ष चालू होतं. मी जमिनीकडं बघून म्हणालो, "चालेल. थोडं कमी तापेल."

मामांनी वादच घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः पान्यानं बोल्ट ढिले केले. मला हाक मारली नाही, तरी मी गेलो आणि दुसरी बाजू धरली. पेटी फिरवून झाल्यावर त्यांनी होकायंत्र काढलं नाही. म्हणाले, "झालं. आता साहेबांनी नुसतं कार्ड पंच करायचं, आणि घरी जायचं." मी हसलो नाही.

पाणी कोमट राहिलं. आठवडाभर सगळ्यांनी कोमट पाण्यानं अंघोळ केली, मग काकूंना सर्दी झाली, आणि आत्यानं कुणाला न सांगता बंब पेटवला. मी खाली अभ्यास करत होतो. फुंकणीचा आवाज आला, मग खोकल्याचा. मी पुस्तकाचं पान उलटलं. ते पान कुठलं होतं, हे मला आजही सांगता येईल, पण ते सांगून आता काय होणार आहे?

मी पास झालो, आमच्या घरातला पहिला पदवीधर. आत्यानं पेढे वाटले. जिना चढताना चारदा बसली. पुढचं शिक्षण उरकून मी हातकणंगल्याला ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागलो. भारनियमनाची वर्षं आली. अख्खी गल्ली अंधारात असताना मामांच्या खिडकीत सौरकंदील असायचा; त्या उजेडात ते आत्याला तोंडानं ओढायचं औषध द्यायचे. तिच्याकडून पंप दाबला जायचा नाही, म्हणून ते दाबायचे आणि "वड... वड... सोड" म्हणायचे, लेथवर नव्या पोराला शिकवल्यासारखे. त्याच वर्षांत एका श्रावणात आत्या गेली. बाहेर झड लागली होती. तिच्या दिव्याची वात मामांनीच दक्षिणेकडं केली. काकू कोपऱ्यात बसून त्या वातीकडं बघत होत्या.

नंतर मी घर बांधलं आणि छपरावर पाणी तापवायचं यंत्र बसवलं, दुकानातून आणलेलं, चकचकीत. दिशा बघायला म्हणून मामांना घेऊन आलो. खरं म्हणजे मला त्यांच्याशी बोलायचं होतं. ते वर चढले, होकायंत्र काढलं, पेटी दोन बोटं सरकवायला लावली. काच पुसत मी म्हणालो, "मामा, त्या दिवशी मी खरं सांगायला पाहिजे होतं."

त्यांनी सूर्याकडं बघितलं, हाताचा पंजा डोळ्यांवर आडवा धरून. "तू पोरगा होतास," ते म्हणाले. "मी न्हवतो की."

त्या रात्री ते राहिले. सकाळी मी त्यांना न्हाणीत बादली लावून दिली आणि दार ओढून घेतलं. आत नळ बंद झाला. थोड्या वेळानं हाक आली, अगदी हळू.

"सायन्स, लई तापलंय. जरा गार वत की."

मी कळशी घेऊन धावलो. पण दाराशी थांबलो. आत पाणी ओतल्याचा आवाज येत नव्हता. त्यांनी बादलीत हात घातला असावा, आणि तो अजून काढला नसावा. कळशी धरून मी तसाच बाहेर उभा राहिलो.