शेवग्याचा पाला

तंजावूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे कल्याणराम डॉक्टरांशी इंग्रजीत अगदी मोकळेपणी बोलले. टेस्टोस्टेरॉन फार कमी झालं होतं, म्हणून तीन वर्षं बायकोच्या जवळ जायची इच्छाच उरली नव्हती. "उपचार आहेत," डॉक्टर म्हणाले, "पण बायकोला घेऊन या. तिला वाटत असेल, तिचंच काही चुकलं."

बसमध्ये त्यांनी वाक्यं जुळवून पाहिली. इंग्रजीत जुळली, तमिळमध्येही जुळली. पण भवानीशी ते जन्मभर मराठीत बोलले होते, आणि तंजावुरात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या त्यांच्या घरच्या मराठीत हा विषय कुणी कधी काढलाच नव्हता.

भवानी दारातच उभी होती. हल्ली तिनं केसांत मोगरा माळणं सोडलं होतं.

"काय निघालं हो?"

"रक्त कमी आहे म्हणे."

"एवढंच?" ती खाली बघत म्हणाली. "मग मीच नकोशी झाले म्हणायची."

कल्याणराम चष्मा पुसत राहिले. "तसं नव्हे गं," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

डॉक्टरांकडे ते पुन्हा गेले नाहीत. रक्त वाढावं म्हणून भवानी रोज शेवग्याचा पाला निवडून त्यांना भाजी करून वाढते, आणि जेवणं झाली की आपली उशी उचलून आतल्या खोलीत जाते.