आत्याची संकष्टी आणि चंद्राचा तुकडा

दगड सापडला, हे आधीच सांगून टाकतो. वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लावण्यात मला मजा वाटत नाही. माझा अर्धा तास लागला होता, तेवढा पुरे.

कुंभकोणमच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून मी निवृत्त झालो आणि चंद्राचे दगड जमवू लागलो. चंद्रावर काहीतरी आदळतं, तुकडे उडतात, त्यातले थोडे भटकत भटकत पृथ्वीवर येतात आणि वाळवंटात कुणाला तरी सापडतात. फार दुर्मीळ. माझ्याकडे चारच होते. तीन तांदळाच्या कण्यांएवढे आणि चौथा चिंचोक्याएवढा: काळसर, पांढऱ्या ठिपक्यांचा, एका बाजूला करवतीनं कापलेला. त्याच्यासाठी मी सहा वर्षं थांबलो होतो. बायको म्हणायची, माझ्या होकारासाठी तर सहा दिवसही थांबला नव्हतात.

आमच्याकडची हवा दमट. दगडाला ओल लागू नये म्हणून मी घरातली सर्वांत घट्ट झाकणाची डबी शोधली. ते तांब्याचं संपुट होतं. त्यात घरचा शाळिग्राम असायचा. तो थोरल्या भावाकडे गेल्यापासून ते रिकामंच होतं. आत कापूस घातला, दगड ठेवला आणि संपुट पुस्तकांच्या कपाटात. त्या दिवशी मी स्वतःच्या हुशारीवर खूश होतो.

मग पापनाशमहून आत्या राहायला आली. इकडच्या जुन्या मराठी घरांतली पोथीतल्यासारखी मराठी ती अजून बोलते. वय ऐंशीच्या पुढे, पण स्वस्थ बसणं तिला ठाऊक नाही. एका सकाळी मी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन घरी आलो, कपाट उघडलं, तर संपुट नाही. बायको म्हणाली, आत्यांनी देवघर आवरलं. फुटका गणपती आणि भंगलेल्या मूर्ती घेऊन त्या रिक्षानं कावेरीवर गेल्यात.

कापलेला दगड, तोही शाळिग्रामाच्या संपुटात! भंगलेला शाळिग्राम समजून तिनं इतर देवांबरोबर तोही नेला असणार. मी स्कूटर काढली आणि वाटभर आत्याला, संपुटाला आणि सर्वांत जास्त स्वतःला शिव्या घातल्या. नदीला भरपूर पाणी होतं. एरवी त्या पाण्यासाठी आम्ही डोळे लावून बसतो; त्या दिवशी मला कोरडी वाळू हवी होती.

आत्या पायऱ्यांवर बसली होती, शेजारी रिकामी पिशवी. संपुटातल्या दगडाचं मी कसंबसं विचारलं. मी मुंजीतले मंत्र विसरल्यासारखं तिनं माझ्याकडे पाहिलं.

"मूर्ती भंगली तर नदींत सोडावी," ती म्हणाली. "शाळिग्राम भंगला म्हणून कोठें सोडितात रे? तो देव्हाऱ्यांत आहे."

मी तिथंच पायरीवर बसलो. इतकं हलकं वाटलं की हसू आणि रडू एकदमच आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

घरी तो होता. तुळशीच्या पानावर, गंध लावून. आंघोळही झालेली; तिनं तीर्थ घेतलं होतं, बायकोलाही दिलं होतं. चंद्राच्या दगडात लोखंड थोडंच असतं, एका आंघोळीनं तो गंजत नाही, असं मी स्वतःला दोनदा समजावलं. पुसला, वाळवला, काट्यावर ठेवला. वजन दगडाबरोबर आलेल्या कार्डावरच्या आकड्याशी तंतोतंत जुळलं तेव्हा कुठे मी कॉफी मागितली.

मग हा शाळिग्राम नाही, चंद्राचा तुकडा आहे, हे आत्याला सांगावं लागलं. ती ओशाळेल किंवा रागावेल असं मला वाटलं होतं. तिनं दगड तळहातावर घेतला.

"साठ वर्षें संकष्टीला ह्याची वाट पाहिली," ती म्हणाली. "ढग आले कीं उपाशींच निजलें. आणि आज घरीं आला, तर मज ओळखूं नाहीं आला."

माझी सहा वर्षं मला एकदम फारच थोडी वाटली.

पुढच्या संकष्टीपर्यंत आत्या आपल्या घरी परतली होती. त्या दिवशी दुपारपासूनच आभाळ भरून आलं. मी संपुट खिशात घालून पापनाशमची गाडी पकडली. आत्यानं झाकण उघडलं, नमस्कार केला आणि पान मांडायला सांगितलं. त्या रात्री ती पोटभर जेवली.